गाडीत बायोडिझेल भरण्यापूर्वी

‘महामार्गालगत एका केंद्रावर बायोडिझेल मिळतं, डिझेलपेक्षा बरंच स्वस्त आहे, भरू का?’ ‘ट्रॅक्टरला चालेल का?’ ‘तळणीच्या तेलापासून घरच्या घरी डिझेल करता येतं म्हणतात, खरं का?’ वाचकांकडून हे प्रश्न पुन्हापुन्हा येतात. तिन्हींच्या मुळाशी गोंधळ एकच आहे. ‘बायोडिझेल’ या नावाखाली बाजारात अगदी वेगवेगळ्या वस्तू फिरतात. त्यांतली एक इंजिनाला मानवते, बाकीच्या इंजिन खाऊन टाकतात. त्यामुळे बायोडिझेल चांगले की वाईट, या वादात शिरू नका. आपल्या टाकीत पडतेय ते नेमके काय आहे आणि त्याची लेखी जबाबदारी कोण घेतोय, एवढे दोन प्रश्न विचारा. त्यांची उत्तरे कशी काढायची, हे या लेखात सांगतो.

नावांचा गुंता आधी सोडवू

वनस्पती तेलावर किंवा प्राण्यांच्या चरबीवर मिथेनॉलची प्रक्रिया केली की ग्लिसरीन वेगळे होते आणि उरलेला भाग पातळ होऊन डिझेल इंजिनाच्या नोझलमधून नीट फवारला जाऊ लागतो. हा उरलेला भाग म्हणजे बायोडिझेल. तुम्हाला निर्णय घ्यायला एवढे रसायनशास्त्र पुरेसे आहे. आता नावे पाहा.

- बी१००: शंभर टक्के बायोडिझेल. यासाठी भारतीय मानक आहे आयएस १५६०७.
- बी५, बी७, बी२०: पुढचा आकडा म्हणजे डिझेलमध्ये मिसळलेल्या बायोडिझेलची टक्केवारी. पंपावरच्या डिझेलचे मानक आयएस १४६० आहे आणि त्यात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेलला मुभा आहे. बी८ ते बी२० या मिश्रणांसाठी आयएस १६५३१ हे वेगळे मानक आहे.
- ई२०: हे पेट्रोलमधले इथेनॉल. डिझेल गाडीशी त्याचा संबंध नाही. वाचकांची अर्धी पत्रे या दोहोंची गल्लत करतात, म्हणून मुद्दाम सांगितले.
- गाळलेले खाद्यतेल: हे बायोडिझेल नव्हे. त्याचा घट्टपणा डिझेलच्या सुमारे दहापट असतो. ते नोझलमध्ये नीट फवारले जात नाही, अर्धवट जळते आणि पिस्टनच्या रिंगांवर, इंजेक्टरच्या टोकावर काजळी साचवते.
- ‘इंडस्ट्रियल ऑइल’, ‘बेस ऑइल’, सॉल्व्हंट: ही खनिज तेलाचीच रूपे आहेत. कारखान्यांसाठी आणलेला हा माल बायोडिझेलची पाटी लावून ट्रकांच्या टाक्यांत ओतला जातो. गुजरातेत २०२०-२१मध्ये अशा विक्रीवर मोठ्या प्रमाणावर धाडी पडल्या. महाराष्ट्रातून तिकडे ये-जा करणाऱ्या ट्रकवाल्यांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे.

खऱ्या बायोडिझेलला मी नावे ठेवत नाही. हल्लीच्या कमी गंधकाच्या डिझेलमध्ये ते एक-दोन टक्के जरी मिसळले तरी इंधनपंपाचे वंगण सुधारते. बी२० वापरल्यावर धुरातले कण आणि कार्बन मोनॉक्साइड साधारण दहा टक्क्यांनी घटतात. नायट्रोजन ऑक्साइड मात्र किंचित वाढतात, तेही सांगायला हवे. राष्ट्रीय जैवइंधन धोरण २०१८ने डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य २०३०पर्यंत ठेवले आहे आणि आपण अजून त्याच्यापासून खूप दूर आहोत. कारण सरळ आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक आपण बाहेरून आणतो. ते गाडीत जाळणे परवडणारे नाही, म्हणून अखाद्य तेल आणि वापरलेले तळणीचे तेल यांवर भर आहे.

तुमच्या गाडीला किती चालेल?

हा निर्णय शेजारच्या ट्रकमालकाच्या अनुभवावरून घेऊ नका. त्याचे इंजिन वेगळे, त्याचा माल वेगळा. पुढच्या क्रमाने जा.

1. गाडीची मालक-पुस्तिका काढा आणि ‘इंधन’ हे प्रकरण वाचा. किती टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालते ते बहुधा तिथे लिहिलेले असते. काही गाड्यांत टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही चिठ्ठी असते.
2. पुस्तिकेत उल्लेख नसेल तर ‘मनाई नाही म्हणजे परवानगी आहे’ असे समजू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ईमेल करा आणि उत्तर लेखी मागा. तोंडी ‘चालेल हो’ला वॉरंटीच्या वेळी किंमत नसते.
3. आर.सी.वर गाडी बीएस-४ आहे की बीएस-६, ते पाहा.
4. वॉरंटी शिल्लक असेल तर पुस्तिकेत दिलेल्या टक्क्यापलीकडे एक लिटरही जाऊ नका.

बीएस-६ गाड्यांबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण नुकसान सर्वांत मोठे तिथेच होते. १ एप्रिल २०२०पासून विकल्या गेलेल्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी पकडणारा फिल्टर असतो. गॅरेजमध्ये त्याला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी जाळण्यासाठी अनेक इंजिने मधूनमधून सिलिंडरमध्ये जास्तीचे डिझेल सोडतात. त्यातला थोडा भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतो. डिझेल असेल तर ऑइल तापल्यावर ते बरेचसे उडून जाते. बायोडिझेल उच्च तापमानाला उकळते, त्यामुळे ते ऑइलमध्येच राहते आणि ऑइल पातळ होत जाते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ‘ऑइल खात नाही, उलट वाढतंय’ म्हणून खूश होऊ नका, लगेच बदला. पातळ ऑइलवर चाललेल्या इंजिनाचे बेअरिंग आणि टर्बो जातात आणि तो खर्च छोट्या मालकाला कंबरडे मोडणारा असतो.

माझे मत विचाराल तर बीएस-६ गाडीत बी७च्या पुढे जाऊ नये, कंपनीने लेखी मुभा दिली असेल तरच जावे. जुन्या, साध्या इंधनपंपाच्या ट्रॅक्टरला किंवा जनरेटरला बी२० सहसा पेलते, पण त्यालाही पुढे दिलेली तयारी लागते.

स्वस्त पडते का? हिशेब किलोमीटरवर करा

लिटरचा भाव पाहून फायदा ठरवणे ही सर्वांत मोठी चूक आहे. बायोडिझेलच्या एका लिटरमध्ये डिझेलपेक्षा सुमारे ८ टक्के ऊर्जा कमी असते. म्हणजे ॲव्हरेजही जवळपास तेवढेच घटते.

हिशेबापुरता डिझेलचा भाव ९० रुपये धरू. बी१०० त्याच्या बरोबरीचे पडायला ते ८२ रुपये ८० पैशांना मिळाले पाहिजे. सात रुपयांनी स्वस्त असलेले बायोडिझेल खरे तर स्वस्त नाहीच. आता बी२०चे पाहा. बायोडिझेल ८० रुपये लिटर मिळाले, तर हजार लिटर मिश्रणाला ८८,००० रुपये पडतील. ते मिश्रण काम करील ९८४ लिटर डिझेलचे, ज्याची किंमत ८८,५६० रुपये होते. म्हणजे हजार लिटरमागे ५६० रुपये वाचले. त्यातून जादा फिल्टर आणि लवकर बदललेले ऑइल वजा करा. उरले काय, ते तुम्हीच ठरवा. तुमच्या गावचे भाव घालून हा हिशेब कागदावर मांडा आणि मगच पंपावर जा.

दुसरा हिशेब त्याहून महत्त्वाचा आहे. साधारण एक लिटर तेलातून एक लिटरच्या आसपास बायोडिझेल निघते. त्यावर मिथेनॉल, वीज, मजुरी, वाहतूक, जीएसटी आणि नफा चढतो. मग घाऊक बाजारात ज्या भावाने पामतेल मिळते त्याहून कितीतरी खाली बायोडिझेल कसे विकता येईल? वापरलेले तेल स्वस्त मिळते हे खरे, पण ते गोळा करून गाळायचा, त्यातले पाणी आणि आम्लता काढायचा खर्च मोठा आहे. म्हणून भाव जितका खाली, तितकी शंका वर. डिझेलपेक्षा वीस-पंचवीस रुपयांनी स्वस्त ‘बायोडिझेल’ कोणी देत असेल, तर तो तेलबियांपासून बनवलेला माल देत नाही, असे धरून चला आणि सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर टाका.

खरेदी करताना काय मागायचे

बायोडिझेलच्या किरकोळ विक्रीसाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे ३० एप्रिल २०१९पासून आहेत. त्यांनुसार विक्रेत्याला राज्य शासनाची परवानगी लागते आणि त्याने मानकात बसणारे बी१००च विकायचे असते, तेही डिझेलमध्ये मिसळण्यासाठी. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मिसळायचे काम आणि प्रमाणाची जबाबदारी तुमच्याकडे येते. नोझल थेट टाकीत घालून ‘फुल करून देतो, डिझेलसारखंच वापरा’ म्हणणारा माणूस तुम्हाला बी१००वर गाडी चालवायला लावतोय, किंवा त्या टाकीत बायोडिझेलच नाही.

डिझेल इंजिनात वापरण्यासाठी सरकारने अधिकृत न केलेले इंधन कोणत्याही नावाने, कोणत्याही ब्रँडखाली विकायला २००५च्या नियंत्रण आदेशाने बंदी आहे. हा आदेश अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली निघालेला असल्यामुळे त्याचे उल्लंघन फौजदारी गुन्हा ठरते.

केंद्रावर गेलात की हे विचारा:

- राज्य शासनाच्या परवानगीची प्रत. ती दर्शनी भागात लावलेली नसेल तर दाखवा म्हणा.
- जीएसटी क्रमांक असलेले छापील बिल. त्यावर वस्तूचे नाव ‘बायोडिझेल बी१००’ असेच हवे. ‘इंधन तेल’, ‘औद्योगिक तेल’, ‘बायो फ्युएल’, ‘ऑइल’ असे मोघम नाव लिहिलेले बिल घेऊ नका. साध्या डिझेलवर जीएसटी लागत नाही, बायोडिझेलवर लागतो. म्हणून ‘बिल नको, भाव कमी करतो’ हे वाक्य ऐकलेत की तिथून निघा.
- मोजमाप यंत्रावर वैधमापनशास्त्र विभागाची चालू वर्षाची मोहर.
- त्या मालाच्या लॉटचा प्रयोगशाळा अहवाल आणि उत्पादनाची तारीख.

अहवालात पंचवीस ओळी असतील. त्यांतल्या पाच पाहिल्या तरी पुरे.

- एस्टरचे, म्हणजे खऱ्या बायोडिझेलचे, प्रमाण: किमान ९६.५ टक्के. खनिज तेलाची भेसळ पकडणारी हीच ओळ आहे, म्हणून मी तिला सर्वांत वर ठेवतो. बेस ऑइल मिसळले की हा आकडा कोसळतो.
- ज्वलनबिंदू (फ्लॅश पॉइंट): बी१००चा शंभर अंश सेल्सिअसच्या वर हवा. कमी आला तर मिथेनॉल उरले आहे किंवा हलके सॉल्व्हंट घातले आहे.
- पाणी: किलोमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत.
- मुक्त आणि एकूण ग्लिसरीन: अनुक्रमे ०.०२ आणि ०.२५ टक्क्यांच्या आत. जास्त असेल तर फिल्टर चिकटतो.
- घनता: घनमीटरला ८६० ते ९०० किलोच्या दरम्यान.

बाटलीत अर्धे पाणी, अर्धे बायोडिझेल घालून हलवायची चाचणी बरेच जण सांगतात. दोन्ही थर थोड्या वेळात स्वच्छ वेगळे झाले तर साबणाचा अंश नाही, एवढेच कळते. बेस ऑइलही पाण्यापासून असेच स्वच्छ वेगळे होते, त्यामुळे भेसळ या चाचणीत पकडली जात नाही. महिन्याला हजारो लिटर घेणारे वाहतूकदार, शाळा-बसचे चालक, खडी-क्रशरवाले यांनी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. एका इंजेक्टर संचाच्या किमतीपुढे तपासणीचा खर्च किरकोळ आहे.

पहिल्यांदा वापरताना

कागदपत्रे ठीक आहेत, पुस्तिकेत मुभा आहे आणि हिशेबही जमतो. मग असे करा.

1. एकदम बी२०वर जाऊ नका. पहिल्या एक-दोन टाक्या बी५, मग पुढे.
2. आधी डिझेल भरा, वरून बायोडिझेल ओता. बायोडिझेल जड असते, त्यामुळे उतरताना मिसळते. उलट केलेत तर ते तळाशी बसून राहू शकते. शंभर लिटरच्या टाकीत बी७ हवे असेल तर ९३ लिटर डिझेल आणि ७ लिटर बायोडिझेल, डबा मोजून. अंदाजाने कॅन रिकामा करू नका.
3. जुनी गाडी असेल तर डिझेल फिल्टरचा एक जादा संच गाडीत ठेवा. बायोडिझेल टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळ सोडवते आणि तो सगळा फिल्टरवर येतो. घाटात गाडी ओढेनाशी झाली तर पहिला संशय फिल्टरवर घ्या. गाळ निघून गेला की हा त्रास थांबतो.
4. जुन्या रबरी नळ्या तपासा. नैसर्गिक आणि नायट्राइल रबर बायोडिझेलने फुगते, मऊ पडते आणि झिरपू लागते. फ्लोरोइलॅस्टोमरच्या, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला ‘व्हायटन’ म्हणतात त्या नळ्या आणि सील टिकतात.
5. वॉटर सेपरेटरमधले पाणी नेहमीपेक्षा लवकर काढा. बायोडिझेल डिझेलपेक्षा जास्त ओल धरते. कोकणात पावसाळ्यात हे दर आठवड्याचे काम समजा.
6. इंजिन ऑइल ठरलेल्या किलोमीटरच्या आधी बदला आणि डिपस्टिक वरचेवर पाहा.

साठवणुकीबाबत शेतकरी आणि ऊस वाहतूकदारांनी विशेष काळजी घ्यावी. हंगाम संपला की ट्रॅक्टर, हार्वेस्टर महिनोन्‌महिने उभे राहतात. बायोडिझेल हवेने खराब होते, आम्ल बनते, चिकट गोंद धरते आणि त्यात पाणी असेल तर जंतूंचा काळा थर तयार होतो. गाडी महिन्याभराहून अधिक उभी राहणार असेल तर शेवटची टाकी साध्या डिझेलची भरा आणि त्यावर थोडा वेळ इंजिन चालवून ठेवा. बी१०० साठवायचेच असेल तर लोखंडी किंवा जाड प्लॅस्टिकच्या बंद पिंपात, सावलीत ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. तांबे, पितळ आणि जस्त लावलेली भांडी टाळा. या धातूंच्या संपर्कात ते लवकर बिघडते.

थंडीचाही विचार करा. पामतेलापासून केलेले बी१०० पंधरा अंशांच्या आसपासच गढूळ होऊ लागते आणि आणखी थंडीत गोठते. निफाड-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. तिथे पिंपातले बी१०० सकाळी तुपासारखे घट्ट झालेले दिसले तर तो बिघाड नाही, पण ते तसेच मिसळू नका. ऊन लागून पूर्ण पातळ होऊ द्या. त्या काळात मिश्रणाचे प्रमाणही खाली आणा.

घरी बनवावे का?

नाही. उत्साही तरुण व्हिडिओ पाहून हा प्रयोग करायला निघतात, म्हणून स्पष्ट सांगतो. तेलाबरोबर यात मिथेनॉल आणि कॉस्टिक लागते. मिथेनॉल त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाते, दृष्टी घालवते आणि जीवही घेते. २०१५मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती याच रसायनाने. त्याची वाफ साध्या हवामानात पेट घेते आणि दिवसा त्याची ज्वाला नीट दिसतही नाही. ते बाळगायला आणि विकायला परवान्याचे नियम आहेत. शिवाय घरगुती मालात ग्लिसरीन आणि साबण राहतोच. तळणीच्या तेलाचा चांगला उपयोग करायची तुमची इच्छा मोलाची आहे. तिचा सुरक्षित मार्ग शेवटी दिला आहे.

इंधनाने गाडी बिघडली तर

गाडी अचानक धूर मारू लागली, ओढेनाशी झाली, बंद पडली आणि नुकतेच इंधन भरले असेल, तर पुढच्या दोन तासांत तुम्ही काय करता यावर तुमचा दावा ठरतो.

- इंजिन पुन्हापुन्हा सुरू करून पाहू नका. नुकसान वाढते.
- टाकी लगेच रिकामी करू देऊ नका. मेकॅनिक सवयीने आधी तेच करतो आणि पुरावा गटारात जातो. स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या दोन-तीन बाटल्यांत प्रत्येकी लिटरभर नमुना घ्या, तारीख-वेळ लिहून सील करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि सगळ्याचे मोबाइलवर चित्रण करा.
- बिल, पैसे भरल्याचा संदेश, ओडोमीटरचा फोटो एकत्र ठेवा.
- गॅरेजच्या जॉबकार्डवर बिघाडाचे कारण शब्दांत लिहून घ्या. ‘इंजेक्टर बदलले’ एवढे पुरत नाही. ‘इंधनातील भेसळीमुळे’ असे मेकॅनिकचे मत असेल तर ते नोंदवून, सही-शिक्क्यासह घ्या.
- त्याच दिवशी तहसीलदार किंवा जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि केंद्रातल्या साठ्याचा नमुना घेण्याची मागणी करा. अधिकृत अधिकाऱ्याने पंचनाम्यासह घेतलेल्या नमुन्याला तुमच्या बाटलीपेक्षा कितीतरी अधिक वजन असते. तक्रारीची पोच घ्या.
- मापात खोट वाटत असेल तर वैधमापनशास्त्र विभागाकडे वेगळी तक्रार करा.

तेल कंपन्यांच्या नेहमीच्या पंपावर तुम्हाला पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून मागण्याचा, डिझेलची घनता तपासून पाहण्याचा आणि तक्रारवही मागण्याचा हक्क आहे. नोंदलेल्या आणि मोजलेल्या घनतेत, १५ अंशांवर आणून, घनमीटरला ३ किलोहून अधिक फरक असेल तर तुम्ही हरकत घेऊ शकता.

पैसे परत मिळवण्याचा मार्ग ग्राहक आयोगाचा आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा. तोडगा निघाला नाही तर जिल्हा आयोगात जा. २०१९च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. साताऱ्याच्या ट्रकमालकाने वापीजवळ इंधन भरले असेल तरी तो साताऱ्यात दाद मागू शकतो. वकील बंधनकारक नाही. भरलेल्या मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचा आदेशही आयोग देऊ शकतो.

एक अडचण मात्र हमखास पुढे येते. विरुद्ध पक्ष म्हणतो, ‘ट्रक धंद्याचा आहे, हे ग्राहक नाहीत.’ कायद्याने व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे हे खरे. पण स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगारासाठी वस्तू घेणारा ग्राहकच धरला जातो. तुमचा एकच टेंपो असेल आणि तोच पोट भरत असेल तर तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हे लिहा. वीस ट्रकांच्या मालकाला मात्र दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागेल.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. साध्या मोटर पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. वॉरंटीत कंपनी आधी पाहते की इंधन पुस्तिकेप्रमाणे होते का. तिथे बिल नसलेले बायोडिझेल निघाले की तुमची बाजू संपली.

केंद्र काढायचे किंवा मोगली एरंड लावायचा विचार असेल तर

‘बायोडिझेल पंपाची डीलरशिप’ अशा जाहिराती पाहून अनामत रक्कम भरणाऱ्यांनी आधी जिल्हा पुरवठा कार्यालयात जाऊन त्या कंपनीला राज्याची परवानगी आहे का, ते विचारावे. कंपनीच्या संकेतस्थळावरचे प्रमाणपत्र पुरावा नव्हे. बायोडिझेलच्या तेलासाठी मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची, लागवड करू पाहणाऱ्या शेतकऱ्यांनी खरेदीदाराची लेखी हमी असल्याशिवाय एक गुंठाही लावू नये. पडीक, कोरडवाहू जमिनीत भरघोस बी येईल ही २००३नंतरच्या काळातली आशा फळली नाही. पाणी आणि खत नसेल तर त्यालाही पीक कमीच येते. त्याच्या बिया विषारी आहेत. शाळेजवळ, अंगणवाडीजवळ तो कुंपणालाही लावू नका.

तळणीच्या तेलाचे काय करायचे

गाडी नसलेल्या वाचकांनाही बायोडिझेलच्या कामात खरा हात लावता येतो, तो इथे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १० ऑगस्ट २०१८ला वापरलेले खाद्यतेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची योजना सुरू केली. तिचे नाव ‘रुको’. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात जे घातक घटक तयार होतात त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल स्वयंपाकाला वापरण्यास मनाई आहे.

- घरात: तेल थंड होऊ द्या, गाळा, कोरड्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवा. पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका. मोरीत ओतू नका, नळ तुंबतात.
- सोसायटीत: दिवाळीच्या फराळानंतर तेल सर्वांत जास्त निघते. एक मोठा कॅन ठेवा आणि प्राधिकरणाकडे नोंद असलेल्या संकलकाला बोलवा. एकट्या घरासाठी गाडी यायला तयार होत नाही, पन्नास घरांसाठी येते.
- वडापाव, भजी, फरसाणच्या व्यवसायात: दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरत असाल तर १ मार्च २०१९पासून किती तेल वापरले, किती उरले आणि कोणाला दिले याची नोंदवही ठेवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. त्याहून लहान गाडा असेल तरी नोंद ठेवा आणि संकलकाची पावती घ्या.

दारावर येऊन जास्त भाव देणाऱ्या अनोळखी माणसाला हे तेल विकू नका. तो ते कुठे नेतो हे तुम्हाला कळत नाही, आणि गाळून, रंग काढून ते पुन्हा कुणाच्या तरी कढईत जाते. संकलकाकडे त्याच्या नोंदणीचा कागद मागा, तेल वजन करून द्या आणि पावतीवर ‘बायोडिझेलसाठी’ असे लिहून घ्या.